टेबल कोमट लागतं

सोमवार

आज आवाज आला आणि चहा निवायच्या आत गेला.

शस्त्रक्रियेत माझं स्वरयंत्र काढलं, त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हापासून मी गळ्याला टेकवायच्या एका नळकांड्यानं बोलते. बटण दाबलं की ते गुणगुणतं. त्या गुणगुणीचे शब्द ओठांनी आणि जिभेनं करायचे. नणंदेनं त्याचं बारसं केलं: भुंगा. "आयुष्यभर आमच्या कानाशी भुणभुण केलीस वहिनी, आता निदान प्रामाणिकपणे करशील."

भुंग्याची चार्जिंगची जागा मी मोडली. उपचारांनी बोटं बधिर झालीत, पिन उलटी गेली, बसेना म्हणून ठोकली. जे बसत नाही ते ठोकायचं, ही माझी जुनी कार्यपद्धती. मग नणंदेनं, जी तंत्रशाळेत वीज शिकवून निवृत्त झाली आणि आता दोन गल्ल्या पलीकडे स्वतःची कार्यशाळा चालवते, भुंग्याच्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं आणि दुसरं वेटोळं एका तबकडीत. तबकडीला वीज द्यायची, भुंगा तिच्यावर निजवायचा. खालच्या वेटोळ्यातली शक्ती मधल्या हवेतून वरच्यात शिरते आणि बॅटरी भरते. ना पिन, ना ठोकाठोकी. मी मनापासून हात जोडले. ती म्हणाली, "हात जोडू नकोस, फक्त तबकडीवर चहाचा कप ठेवू नकोस."

माझ्या उशाजवळच्या टेबलाची फळी मधोमध उकललेली आहे, तबकडी डुगडुगत होती. नवऱ्यानं काहीतरी करून जागा सपाट केली आणि वर निळं जाड कापड अंथरून, फळीखाली वळवून चारी कडांना टाके घालून टाकले. काय केलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, "बसवलं." शिंपी माणूस. आयुष्यभर लोकांच्या उणिवा अस्तराखाली झाकत आला.

रात्रभर भुंगा तबकडीवर होता. सकाळी पूर्ण भरायला हवा होता. नवऱ्याला "साखर कमी आहे" म्हणाले, शेजारणीला दोन वाक्यं सुनावली, आणि भुंगा गेला. उरलेला दिवस पाटी आणि खडू.

मंगळवार

पिळणीवाली आली होती. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात मी होते तेव्हा ती नवीन लागलेली. पिळण्याच्या यंत्रावर उभी राहायची, तेव्हापासून तेच नाव. आता तिथल्या बायांची तीच पुढारी. दारातूनच माझ्या तिथल्या जुन्या नावानं हाक मारून म्हणाली, "तोफबाई, आम्हाला काढतायत."

धुलाईखाना बंद करून काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचा ठराव आहे. या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी नियामक मंडळापुढे सुनावणी. सगळ्या बाया घरी बसणार. मंडळानं बायांना बोलायला वेळ दिला आहे आणि बायांनी तो मला दिला.

मी पाटीवर लिहिलं: माझ्या आवाजात आता चढउतार नाहीत. एकसुरी भुणभुण आहे.

"भुणभुण तर भुणभुण. आमच्यातली एक उभी राहिली तर अध्यक्ष घड्याळ बघतात. तुम्ही उभ्या राहिलात तर ते तुमच्याकडे बघतील, निदान दचकून तरी."

मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "ते तुमचं मानपत्र कुठं दिसत नाही? तांब्याचं होतं ना, चांगलं परातीएवढं?"

त्या मानपत्राची कथा इथे लिहून ठेवते. युनियनच्या पुढाऱ्यांनी मला ते ज्या संध्याकाळी दिलं, त्याच दुपारी त्यांनी माझ्यामागे व्यवस्थापनाशी करारावर सही केली होती. हार, टाळ्या, तांबं. आणि बायांच्या रात्रपाळीचा भत्ता गुपचूप सोडून दिलेला. घरी येऊन मी ते जमिनीवर आपटलं आणि नवऱ्याला म्हणाले, भंगारात टाक. तो "बरं" म्हणाला. त्याचा शब्दसंग्रह तेवढाच आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला "अहो" म्हणणं बंद केलं, सासूबाईंनी कपाळाला हात लावला, तेव्हाही तो "बरं"च म्हणाला होता.

पिळणीवालीला लिहून दिलं: भंगारात. तिनं हळहळ केली. नवरा चहाचे कप उचलून आत गेला.

सुनावणीला जाते, असं मी कबूल केलं आहे. तासभर बोलायचं तर भुंगा तासभर जगायला हवा. आज तो नाश्त्यापुरताही जगला नाही.

शुक्रवार

भुंगा तबकडीसकट नणंदेकडे नेला. तिचं टेबल एका जाड लाकडी ओंडक्याचं, वर मीटर, तारांना डाग देऊन जोडायची तापती लेखणी, तारांची जंजाळं. तिनं माझ्यापुढे सगळं उलगडलं. वर्गात पोरांना शिकवावं तसं शिकवलं, म्हणजे अपमान करत.

"सांग, नळाला पाणी कमी येतंय. कुठे कुठे बघशील?"

टाकी, पाइप, गळती, नळ, असं मी लिहिलं.

"मग इथेही तेच. तबकडी देते किती, हवेत जातं किती, वेटोळं घेतं किती, आणि बॅटरीपर्यंत पोचतं किती. एकेका जागी मीटर लावायचा. अंदाजानं भाग बदलत सुटायचं नाही. तुझ्या युनियनमध्ये चालत असेल."

गंमत बघा. वेटोळं उघडं, हवेत धरलं तर करंट भरपूर. भुंग्यात बॅटरीला चिकटून बसवलं की निम्म्याहून कमी. ती स्वतःच्याच कपाळावर टिचकी मारून म्हणाली, "बॅटरीचं कवच धातूचं, वहिनी. वेटोळ्याला येणारी शक्ती मागचा धातूच खाऊन टाकतो. स्वतःत भोवरे फिरवतो आणि फुकट तापतो. मधे आडोसा घालायलाच विसरले."

तिनं एका डबीतून काळा, कडक, कागदासारखा पातळ पापुद्रा काढला. फेराइट म्हणतात त्याला. तो शक्तीला मागच्या धातूकडे जाऊ देत नाही, वळवून वेटोळ्यातच ठेवतो. कातरीनं गोल कापला, वेटोळं आणि बॅटरी यांच्यामध्ये घातला. मीटरचा काटा उठला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "रडू नकोस, डाग देताना ओलं चालत नाही."

काय बाई आहे ही. लग्न होऊन आले तेव्हा ही परकर नेसायची आणि माझी भाषणं पाठ करून आरशापुढे माझी नक्कल करायची.

शनिवार

घरी आणला. रात्रभर ठेवला. सकाळी थोडा बरा, पण अर्ध्या भाषणाला पुरणार नाही.

एक निरीक्षण नोंदवते, कारण नणंद निरीक्षणाला मान देते. सकाळी भुंगा उचलला तेव्हा तबकडीखालचं कापड कोमट होतं. टेबलसुद्धा. रात्रभर मांजर बसून उठल्यासारखं. मला फार बरं वाटलं. धुलाईखान्यात जे तापतं ते काम करतं: बॉयलर तापतो, इस्त्रीचा रूळ तापतो, मुकादम तापतो. म्हणजे वीज येते आहे, कष्ट करते आहे. दोष भुंग्यातच कुठेतरी आहे.

नवरा स्वयंपाकघरात लिंबाच्या फोडीनं काहीतरी घासत होता. बोटं काळी झालेली. दाराच्या कड्या असणार. घरातल्या कड्यांची एवढी काळजी घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

सोमवार

पुन्हा नणंदेकडे. तिच्या टेबलावर भुंगा उत्तम भरतो. ती चिडली. "तुझ्याकडे न्यायचा, उपाशी ठेवायचा, आणि माझ्याकडे आणून म्हणायचं बाळ खात नाही."

तरी तिनं पुढची जागा तपासली. वेटोळ्यात येणारी वीज उलटसुलट धावते, तिला एका दिशेला लावणारे चार छोटे दरवाजे असतात. तिनं साधे बसवले होते. प्रत्येक दरवाजा आत सोडताना थोडी वसुली करतो. ते काढून कमी वसुलीचे बसवले. मी पाटीवर लिहिलं: असे जकात नाक्यावरही बदलता आले असते तर. ती हसली नाही, पण पाटी पुसलीही नाही.

मी विचारलं, घरी येऊन बघतेस का.

"तीन जिने. माझा गुडघा. आणि यंत्राच्या घरी आपण जायचं नसतं वहिनी, यंत्र आपल्याकडे येतं." मग, "टेबल कसलं आहे तुझं?"

लाकडाचं, मी लिहिलं. खरंच लाकडाचं आहे.

"लाकडाचंच आहे ना? मग झालं."

मंगळवार

नाही झालं.

गुरुवार

भाषण लिहिते आहे. पूर्वी कधी लिहिलं नाही. उभी राहायचे, समोरच्या पहिल्या रांगेतल्या एका चेहऱ्याकडे बघायचे आणि वाक्य आपोआप सुटायचं. आता प्रत्येक वाक्याला बॅटरी लागते, म्हणून प्रत्येक वाक्याला विचारते, बाई, तुझं काय काम? इतिहासाची तीन पानं गेली. क्रांतीवरचा उतारा गेला. तो जाताना जीव तुटला. उरलं ते एवढंच: चादर कोणी धुतली हे रुग्णाला कधी कळत नाही, न धुतलेली मात्र पहिल्या स्पर्शाला कळते.

नवऱ्याला वाचून दाखवायला भुंगा वापरला आणि मधेच तो गेला. ओठ हलत राहिले. नवऱ्यानं मान हलवून पुढचं वाक्य स्वतः म्हटलं. त्यानं कागद पाहिलेला नव्हता. मी पाटीवर लिहिलं: तुला कसं माहीत? म्हणाला, "हे तू रुग्णालयाच्या फाटकासमोरच्या सभेत बोलली होतीस. त्या वेळी सतरंजी म्हणाली होतीस, चादर नाही."

फाटकासमोरच्या सभेला हा कुठे होता? दुकान टाकून तो कधी आला नाही, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. कुणा गिऱ्हाइकाकडून ऐकलं असेल.

रविवार

आज खचले. लिहूनच ठेवते, इथे कुणापुढे पुढारीपण मिरवायचं आहे?

पिळणीवाली येऊन बसली. तिला बोलून दाखवायला भुंगा उचलला आणि चार शब्दांत तो मुका. म्हणाली, "तुम्ही लिहून द्या तोफबाई. मी वाचते." तिला मोठ्यानं वाचायची भीती वाटते, मला माहीत आहे. पगाराच्या रांगेतसुद्धा नाव विचारलं की हिचा घसा बसायचा.

जिना उतरताना ती माझ्या नवऱ्याशी हळू बोलत होती. मी ऐकलं. "बाईंना नका सांगू, पण बाया म्हणतात, होणार नाही त्यांच्यानं."

नवरा म्हणाला, "होईल." बरं नाही म्हणाला. होईल म्हणाला.

मी बिछान्यावर पडून छताकडे बघत राहिले. हजारोंना जागं ठेवणारी मी, एका बॅटरीला जागं ठेवू शकत नाही.

बुधवार

आज जे घडलं ते नीट, क्रमानं लिहिते.

सकाळी नणंदेचा फोन आला. भुंगा चालत नव्हता, म्हणून फोन नवऱ्यानं घेतला आणि मी पाटीवर लिहीन ते तो तिला सांगत होता.

"वहिनीला विचार, रात्री काय तापतं."

मी लिहिलं: सगळं. तबकडी, कापड, टेबलही. चांगलं कोमट लागतं.

नवऱ्यानं वाचलं. पलीकडून एवढ्या मोठ्यानं आवाज आला की फोन लांब धरावा लागला. "टेबल? लाकूड कशाला तापेल? लाकडाला काय देणं-घेणं आहे? दादा, मी येते."

गुडघ्यासकट आली. प्रत्येक मजल्यावर थांबून माझ्या पूर्वजांचा उद्धार करत आली. पिशवीतून मीटर काढला, पाणी मागितलं नाही, सरळ झोपायच्या खोलीत. भुंगा तबकडीवर, करंट थोडका. तिनं तबकडी उचलून भुंग्यासकट गादीवर ठेवली. काटा वर. परत टेबलावर. काटा खाली. तीनदा केलं. मग टेबलावर हात ठेवून, डॉक्टरनं पोट चाचपावं तसं चाचपून, म्हणाली, "या कापडाखाली काय आहे?"

मी खांदे उडवले.

"दादा?"

नवरा दारात उभा होता. मोजपट्टी गळ्यात. पुढे आला, खिशातली कातर काढली आणि एकेक टाका उसवला. घाई केली नाही. कापड दुमडून बाजूला ठेवलं.

फळीच्या चिरेवर, बरोबर मध्यावर, आरशासारखं लखलखीत, माझं मानपत्र.

तांब्यात माझं नाव. खाली, "कामगार भगिनींचा आवाज". कोपरा चेपलेला, मी आपटलं होतं तिथे.

नणंदेनं दोन बोटांनी ते उचलून बघितलं. "अजून गरम आहे," ती म्हणाली. "रात्रभर तबकडीतली शक्ती हेच पीत होतं. बॅटरीच्या कवचाचंच दुखणं, फक्त खालच्या बाजूनं. तबकडीच्या पोटाला मी आडोसा घातलाच नव्हता, कारण म्हणे टेबल लाकडाचं."

मी पाटी घेतली. लिहिलं: भंगारात टाक म्हणाले होते.

नवऱ्यानं वाचलं. म्हणाला, "तू रागात होतीस."

मग, "फळी सपाट करायला काहीतरी हवंच होतं. जाडी बरोबर बसली. आणि म्हटलं, भुंगा त्याच्यावर निजला तर..." मोजपट्टीची टोकं सारखी करत राहिला. "तुझ्या नकळत टाके उसवून पुसत होतो अधूनमधून. तांबं लगेच काळवंडतं."

दाराच्या कड्या!

मी हसायला लागले. आवाज नसलेलं हसणं विचित्र दिसतं, खांदेच हलतात. नणंदेला वाटलं मी रडते आहे. तीही बरोबरच होती म्हणा.

नणंदेनं मानपत्र नवऱ्याच्या हातात दिलं. "घे रे बाबा तुझं तांबं. लाव भिंतीवर."

मी मान हलवली. पाटी पुसून लिहिलं: डबीत काळा पापुद्रा उरलाय का?

तिनं पिशवीत हात घातला. "उरलाय. एवढ्या तबकडीला पुरेल." तबकडी उलटी करून तिनं तो तळाला चिकटवला. नवऱ्यानं मानपत्र पुन्हा फळीच्या चिरेवर ठेवलं, कापड अंथरलं. तबकडी वर, भुंगा तबकडीवर. नणंदेनं मीटर लावला.

काटा वर. वरच राहिला.

"राहू दे तिथेच," ती म्हणाली. "आता ते खाणार नाही." आणि गुडघ्यावर हात ठेवून उठताना, "चुकले मी वहिनी. आधीच यायला हवं होतं. दुखतं तिथे मीटर लावायचा असतो, हे पोरांना शिकवत राहिले."

नवरा कडांना पुन्हा टाके घालायला बसला. मी त्याला सुईत दोरा ओवून द्यायला गेले. बधिर बोटांनी जमला नाही. त्यानंच ओवला, पण मला धरू दिला.

शुक्रवार

भुंगा काठोकाठ भरलेला होता. टेबल गार.

सभागृहात मंडळाचे लोक लांब टेबलामागे, बाया मागच्या बाकांवर. मी उभी राहिले आणि पहिला शब्द गुणगुणताच अध्यक्ष दचकले. पिळणीवालीचं भाकीत.

तासभर बोलू शकले असते. सांगायचं ते थोडक्यात संपलं. चादर, धुणारी, आणि बाहेरचा माणूस जे कधीच करणार नाही ते. ते काय, हे मी बोलले नाही. मी पिळणीवालीकडे बघितलं. ती घसा बसलेली, लाल झालेली, पण उठली. पिशवी घेऊन पुढे गेली आणि अध्यक्षांपुढच्या टेबलावर रिती केली. तीन चष्मे. कानातलं यंत्र. अंगठी. बाहुलीचा हात. आणि एक कवळी, जी घरंगळत जाऊन अध्यक्षांच्या कागदांवर दात विचकून थांबली.

"हे या आठवड्याचं," ती म्हणाली. आवाज फुटत होता, तरी मागच्या बाकापर्यंत पोचला. "चादरीतून, अभ्र्यातून निघालेलं. आम्ही वॉर्डात जाऊन ज्याचं त्याला देतो. कवळीचे आजोबा अजून सापडले नाहीत. तुमच्यापैकी कुणाची आहे का?"

सभागृह हसलं. अध्यक्षही. आणि मग हसणं ओसरल्यावर जी शांतता झाली, ती मी ओळखते. तीस वर्षं मी तिच्यासाठीच बोलत आले.

एक वर्षाची मुदत मिळाली. कंत्राट पुढे ढकललं, मंडळ स्वतः येऊन धुलाईखाना बघणार. जिंकलो असं म्हणणार नाही. पण बाया सोमवारी कामावर जातील.

बाहेर पडताना दाराशी नवरा दिसला. भिंतीला टेकून उभा, काखेत माझी पाटी, मुठीत खडू. पिशवी धरायला आला असेल म्हणून मी पिशवी पुढे केली. त्यानं घेतली. पाटीवर ताज्या खडूनं, त्याच्या शिंपी अक्षरात, माझ्या भाषणाची पहिली चार वाक्यं लिहिलेली होती.

घरी आलो. त्यानं चपला काढल्या, मी भुंगा बघितला. अर्ध्याहून जास्त शिल्लक. तो टेबलावर ठेवायला निघाले आणि थांबले. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले, भुंगा गळ्याला लावला.

"फाटकासमोरच्या सभेला तू कुठे उभा होतास?"

"मागे. झाडाखाली."

"आणि बाकीच्या सभांना?"

तो माझ्या गळ्याकडे, भुंग्याकडे बघत म्हणाला, "आज पुष्कळ बोललीस. राहू दे जरा. उद्याला पुरव."

"उद्या पुन्हा भरेल," मी म्हणाले. "सांग. पहिल्यापासून सांग."

"बरं," तो म्हणाला, आणि सांगू लागला. मी बटणावरचं बोट काढलं.